दरबार उठल्यावरची पगडी

टोपी बाजारातल्या त्या पगडीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. दरबारच्या पगड्या बांधणारा म्हणून सगळं ग्वाल्हेर त्याला ओळखायचं. पगडी गुडघ्यावर बांधायचा आणि दातांत दोरा धरलेला असला की कुणाशी बोलायचा नाही.

संस्थान विलीन झालं, पुढं राजधानी भोपाळला गेली. आमचं सरकारी ऑफिसही तिकडं निघालं. मी त्याला म्हटलं, "तुम्हीही चला. इथं आता पगडी कोण घालणार?"

त्यानं दोरा तोडला. "दरबार उठला साहेब, बाजार थोडाच उठला!"

तेवढ्यात हजीरा मोहल्ल्यातला एक टांगेवाला दुकानात आला. मुलाचं लग्न होतं. साधा फेटा मागत होता. पगडीवाल्यानं कपाटातली जरीची सरदारी पगडी काढून त्याच्यापुढं ठेवली.

दुकानातल्या बाकावर बसलेले दरबारचे एक जुने मानकरी ताडकन उठले. "टांगेवाल्याच्या पोराला ही? हा दरबारचा मान आहे!"

"होता. आता भाड्यानं मिळतो," पगडीवाला म्हणाला. "तुमच्या नातवालाही देईन. फक्त आधी सांगून ठेवा. लगनसराईत मी कुणाचाच नंबर पुढं घेत नाही."