फाइलीतला नवा चौकोन

छापखान्यात त्याला सगळे कानामात्रा म्हणायचे. काम मुद्रितं तपासायचं. मी मशीनवर आणि तो खिडकीजवळच्या टेबलावर, हातात भिंग. तीस वर्षांत त्याच्या नजरेतून एखादी वेलांटी सुटली असेल तर शपथ. स्वभावाने अगदी गरीब गाय. कुणी भांडायला आलं तर आधी त्याचं व्याकरण सुधारायचा. अशा माणसाने एका डॉक्टरला खुर्चीवरून खाली खेचलं, ते मी जवळून पाहिलं.

त्याची बायको शाळेचे गणवेश शिवायची. एकदा शिलाई मशीनची सुई बोटात घुसली, बोट सुजलं, पू झाला, म्हणून मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. जराशी चीर द्यायची, दोन दिवसांत घरी. लहानपणी पेनिसिलिनमुळे ती मरता मरता वाचली होती, त्यामुळे "मला ते औषध चालत नाही" हे ती भेटेल त्याला सांगायची. दाखल होतानाही मोठ्या सिस्टरना तिने दोनदा सांगितलं. सिस्टरनी ते कागदावर लाल शाईने लिहिलं. लेक शेजारीच उभी होती, तिने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास घुसमटला. बोट दाखवायला गेलेली बाई घरी आलीच नाही.

"हृदय मुळातच कमजोर होतं," डॉक्टर म्हणाले. तेही चालता चालता. त्यांना दुसऱ्या दवाखान्यात ऑपरेशनला पोचायचं होतं.

घरी आल्यावर लेक एवढंच म्हणाली, "बाबा, लाल शाईने लिहिलं होतं."

त्याने फाइल मागितली. आधी म्हणाले सापडत नाही, मग म्हणाले साहेब रजेवर आहेत. हा अर्ज करत राहिला.

दोनेक महिन्यांनी त्याच दवाखान्याचं काम आमच्याकडे छापायला आलं. दाखल करतानाचा फॉर्म, नव्याने केलेला. त्यात एक नवा चौकोन होता : औषधाची अ‍ॅलर्जी, आहे की नाही. मी म्हटलं, "राहू दे, हे दुसऱ्या कुणाला तपासायला देतो."

"माझी बायको गेल्यावर यांना हा चौकोन सुचला," तो म्हणाला. "आण इकडे. यात चूक राहिली तर आणखी कुणाचा जीव जाईल." त्याने अ‍ॅलर्जीवर द्यायचा राहून गेलेला चंद्र दिला, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. ते फॉर्म मीच छापले.

फाइलीची नक्कल मिळाली ती आठ महिन्यांनी. तो ती घेऊन थेट छापखान्यात आला, भिंग काढलं आणि थोड्या वेळाने हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. मी मशीन थांबवलं.

"काय झालं रे?"

"इकडे ये. तारीख बघ, ती दाखल झाली त्या दिवसाची. आणि हा चौकोन बघ."

चौकोनात 'नाही'वर ठसठशीत खूण. लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. आणि कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात आमच्या छापखान्याचं नाव नि छपाईचा महिना. बाई गेली थंडीत, आणि कागद छापलेला उन्हाळ्याच्या तोंडावर!

"अख्खं पान बदललंय," मी म्हटलं.

"आता त्याचं मुद्रित मी तपासणार. ओळ न् ओळ."

तक्रार गेली तसा डॉक्टरांचा माणूस घरी आला. चूक माणसाकडूनच होते, साहेब माफी मागायला तयार आहेत, आता ताणू नका. कानामात्राने त्याला बसायलाही सांगितलं नाही. "इंजेक्शन ही चूक असेल. पान बदलणं हा बेत होता. माफी त्याला त्याच्याकडेच ठेवायला सांग."

वैद्यकीय परिषदेच्या चौकशीत मी आमची कामाची वही दाखवली. छपाईची तारीख वाचली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. मग मोठ्या सिस्टर उभ्या राहिल्या.

"बेचाळीस पेशंट आणि आम्ही दोघी," त्या म्हणाल्या. "साहेब तीन दवाखाने करतात, फाइल कधी उघडायचे नाहीत. फोनवरच औषध सांगितलं. मी म्हटलं, बाई नको म्हणतात. साहेब म्हणाले, सगळेच नको म्हणतात, द्या. आधी एका सिस्टरने त्यांना उलट विचारलं होतं, तिची महिन्यात बदली झाली. मी घाबरले. इंजेक्शन मीच दिलं. नंतर नवं पानही मीच लिहिलं, ते सांगतील तसं."

शेवटी कानामात्राने एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. तो डॉक्टरांच्या टेबलापाशी गेला.

"माझ्या बायकोचं नाव सांगा."

डॉक्टरांचा हात फाइलीकडे गेला. कानामात्राने फाइलीवर पंजा ठेवला. "न बघता."

डॉक्टरांनी ओठ हलवले, घाम पुसला, पण नाव काही आलं नाही. हा हलला नाही. अध्यक्षांनी "पुरे" म्हणेपर्यंत त्याने डॉक्टरांना तसंच ताटकळत ठेवलं.

डॉक्टरांचा परवाना तीन वर्षांसाठी गेला, पोलिसांत गुन्हा वेगळा. छापखान्याचे मालक म्हणाले, "मात्रा बरोबर लागू पडली!" आणि कानामात्रा मनापासून हसला.

मोठ्या सिस्टरांचीही नोकरी गेली. निकालाच्या दिवशी त्या परिषदेबाहेर हात जोडून उभ्या होत्या. हा त्यांच्यासमोरून भिंतीजवळून जावं तसा निघून गेला. मला ते बरं वाटलं नाही, मी बोललोही.

"खरं बोलली, मान्य," तो म्हणाला. "पण स्वतः लाल शाईने लिहिलं आणि स्वतःच सुई टोचली. तुला दया येत असेल तर तू जा, चहा पाज."

मी गेलो नाही. त्याचं चुकतंय असंही मला ठामपणे म्हणता येईना.

डॉक्टरांच्या खासगी दवाखान्याची पाटी उतरवली, तिथे भिंतीवर चार भोकं राहिली आहेत. कामावर येताना तो रोज त्याच रस्त्याने येतो. वाट वाकडी पडते, पंधरा मिनिटं जास्त लागतात. परवा लेक चिडली. "बाबा, बास झालं आता. किती दिवस जाणार?"

"तीन वर्षं," तो चपला घालत म्हणाला. "नंतरचं नंतर बघू."