खिसा असलेली पिशवी

लालबागच्या त्या दुकानात पिशवीचे वेगळे पैसे घ्यायला लागले, तेव्हापासून बिलाच्या रांगेत वाद ठरलेला. कुणी म्हणे, ही लूट आहे. कुणी म्हणे, प्लॅस्टिक असंच बंद होणार. लूट म्हणणाऱ्यांत माझाच आवाज मोठा.

त्या दिवशी माझ्यापुढे एक वयस्कर मावशी होत्या. वादाकडे लक्ष न देता त्यांनी काखेतली कापडी पिशवी झटकून उघडली. खाली तांदूळ, मध्ये पोहे, वर अंडी. जुनी खाकी पँट कापून शिवलेली पिशवी! लहानपणी आमच्या चाळीत दारामागच्या खिळ्याला अशीच एक लटकायची. पण हिला पँटचा मागचा खिसा तसाच होता.

"मावशी, खिसा सुट्ट्या पैशांसाठी ठेवलात?"

"नाय रे. आमच्या ह्यांची पँट ही. मी गावावरून नवीन आले तेव्हा बाजारातल्या गर्दीची भीती वाटायची. मग मी ह्यांच्या खिशात बोटं अडकवून मागून चालायची."

बाहेर बाजार तुडुंब भरला होता. मावशींनी पिशवी कमरेशी धरली, खिशात दोन बोटं अडकवली आणि त्या गर्दीत शिरल्या.