मिठागरावर उभी केलेली बाई

डोंगराची छबी काढायची तर समोर माणूस उभं करावं लागतं, ही अक्कल मला एका गोऱ्या साहेबाने शिकवली. मी काढलेला पारसिकचा डोंगर हातात धरून तो म्हणाला होता, "हा डोंगर आहे की मातीचा ढिगारा?" मी तोंडावर हसलो आणि घरी येऊन त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पण त्याचं खोटं नव्हतं. तेव्हापासून जिथे जाईन तिथे मी कोणाला तरी पकडून उभं करू लागलो. कल्याणला दुर्गाडीखाली एक नावाडी, खडवलीच्या नदीत म्हैस धुणारा एक म्हातारा, ठाण्याच्या खाडीपुलापाशी एक फाटकवाला. त्यांची तोंडं मला आठवत नाहीत. माझ्या लेखी ती माणसं म्हणजे मापाच्या काठ्या होत्या.

ही एक मात्र आठवते. आठवते कसली, जात नाही.

चैत्र सरत आला होता. कळव्याच्या बाजूला खाडीकाठी मिठाचे पांढरेशुभ्र ढीग लागले होते आणि मागे पारसिकचा डोंगर उभा होता. असा देखावा सोडणारा मी नव्हे. बैलगाडीत पेटी, काचा, औषधांच्या बाटल्या आणि काळा तंबू घालून मी भल्या सकाळी तिथे पोचलो. त्या काळी हे काम म्हणजे नुसता कुटाणा होता. तंबूत काचेला औषध लावायचं, ती ओली असतानाच पेटीत घालायची, वीस अंक मोजेपर्यंत पेटीचं तोंड उघडं ठेवायचं आणि पुन्हा तंबूत पळायचं. मधे काच वाळली की मेहनत मातीत.

मिठाच्या टोपल्या वाहणाऱ्या बायांत एक उंच, ताठ चालणारी आगरी बाई होती. अंगावर गडद लुगडं. पांढऱ्या मिठापुढे ते उठून दिसेल म्हणून मी तिलाच बोलावलं. नवरा मिठाचा पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, घेऊन कल्याणला गेला होता, त्यामुळे ती आधी का-कू करत होती. बाकीच्या बाया म्हणाल्या, "जा गो, जा! रानी व्हशील!" तशी ती हसत ढिगापाशी जाऊन उभी राहिली.

पहिल्या काचेला मी अकरापर्यंत मोजलं आणि झापाच्या सावलीत झोळीत निजवलेली तिची पोर रडू लागली. बाई झटकन वळली. काच वाया गेली. तिच्या जागी नुसता धूर दिसत होता.

मी भडकलो. "अगं बाई, वीस अंक! तेवढा वेळ पोर रडली तर मरते का?"

दुसऱ्या काचेला पोर पुन्हा रडली, आधीपेक्षा जोरात. मी काळ्या फडक्याखालून ओरडलो, "हलायचं नाही!" आणि ती हलली नाही. वीसच्या वीस अंक पोरीचा टाहो चालला होता आणि ही मूठ आवळून समोर बघत उभी होती. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुरेख देखावा उतरला. मी खूश होऊन गाडीवाल्याला विडी दिली.

श्रावणात ती पटकीने गेली. हे मला कळलं तेच तिच्या दहाव्याच्या दिवशी. दुपारी बाराच्या सुमारास माझ्या ठाण्याच्या दुकानात दोघे जण आले, तिचा नवरा आणि त्याचा म्हातारा चुलता. नवऱ्याच्या डोक्यावर केस नव्हते. सकाळपासून खाडीकाठी पिंड मांडून बसले होते आणि कावळा शिवत नव्हता. फांदीवर येऊन बसत होता, पण खाली उतरत नव्हता.

"ती तुमच्या काचंत आरकली हाय," चुलता म्हणाला. "बायांनी सांगलं आमाला. ती काच द्या. पान्यात सोडतो, म्हंजे ती सुटंल."

 नवरा हात जोडून उभा राहिला.

आता माझी लबाडी ऐका. त्या गोऱ्या साहेबाने या देखाव्याच्या वीस प्रती मागितल्या होत्या. ती काच म्हणजे माझं नाव होणार होतं. एका मेलेल्या बाईसाठी मी ती खाडीत बुडवणार होतो थोडाच! मी आत गेलो आणि वाया गेलेली पहिली काच उचलली. घासून परत वापरायची म्हणून ती कोपऱ्यात पडली होती. तीच आणून मी नवऱ्याच्या हातात ठेवली.

त्याने उजेडात धरून पाहिलं. मिठाचे ढीग, डोंगर आणि मधे धूर.

"हिचं तोंड नाय दिसं," तो म्हणाला.

"माणूस गेलं की काचेतूनही जातं," मी म्हणालो.

कुठून सुचलं कोण जाणे. त्याने माझ्या पायांना हात लावला आणि काच उपरण्यात गुंडाळून नेली. संध्याकाळी पडाववाल्याकडून कळलं की कावळा शिवला. मी सुटकेचा निःश्वास टाकला. स्वतःला सांगितलं, बघ, झालं की नाही काम? कोणाचंच नुकसान नाही.

मग प्रती काढायला बसलो. काच आणि तिच्याखाली कागद चौकटीत बसवून उन्हात मांडला की चित्र हळूहळू उमटतं, आणि जे सगळ्यात काळं ते सगळ्यात आधी येतं. तिचं लुगडं काळं. कोऱ्या पांढऱ्या कागदावर डोंगर नाही, खाडी नाही, काही नाही, आणि ही एकटी उभी. वीस प्रती, वीस वेळा. शेवटी शेवटी मी चौकट उन्हात ठेवून पाठ फिरवून बसायचो.

पुढे कुठेही गेलो तरी तेच. ठाकुर्लीच्या माळावर असो की खडवलीला नदीकाठी, फडक्याखाली डोकं घालून अंक मोजू लागलो की अकराच्या पुढे पोर रडायची. बाहेर डोकं काढावं तर सामसूम. मी देखाव्यात माणूस उभं करणं सोडून दिलं. गिऱ्हाइकं म्हणायची, तुमचे डोंगर अलीकडे ठेंगणे झालेत. झाले तर झाले! मला भीती वाटत होती आणि ती कोणाला सांगायची लाज वाटत होती.

आठेक वर्षं गेली. एके दिवशी सकाळी दुकानाच्या दारात एक माणूस थबकला. व्यापाऱ्याकडे मीठ घालून परत चालला होता. भिंतीवर तोच देखावा चौकटीत लावलेला होता. साहेबलोक तो पाहूनच आत यायचे, म्हणून काढून टाकायची माझी छाती झाली नव्हती. तो माणूस आत आला, चित्रापुढे उभा राहिला आणि मी त्याला ओळखलं. तिचा नवरा.

"तोंड हाय की हिला," तो म्हणाला.

मी सगळं कबूल केलं. खरी काच काढून त्याच्यापुढे ठेवली. म्हणालो, "मी नीच माणूस आहे. मार मला हवं तर. पण ही घे आणि पाण्यात सोड. मी येतो तुझ्याबरोबर."

त्याने काचेला हात लावला नाही. खाली बसला. मग म्हणाला, "कावला काचंनी नाय शिवला, शेट. काच सोडली तरी त्यो फांदीवरच व्हता. मंग मी बोललो, दुसरी करनार नाय, पोरीला आंतर देनार नाय. तवा उतरला."

"मग?"

"वरसाच्या आत दुसरी केली. पोर डोंबिवलीकडं मामाच्या घरी टाकली. ती मामीलाच आये म्हनते. सख्खी आये कोन, तिला ठावं बी नाय."

आम्ही दोघे त्या बाईसमोर चोरासारखे बसलो होतो. मीच म्हणालो, "पोरीला घेऊन ये. निदान आईचं तोंड तरी पाहू दे तिला. मी प्रत देतो." त्याने डोळे पुसले. म्हणाला, "आनतो. मीच सांगन तिला."

आणि पुढच्या सोमवारी खरंच घेऊन आला. नऊ वर्षांची उंच, ताठ पोर. केसांना तेल, अंगावर नवं परकर-पोलकं. तिने आधी बाटल्या पाहिल्या, पेटीच्या भिंगात डोकावून पाहिलं, मग भिंतीकडे वळली.

"यो मिठागर ना, बा? आन पारशिकचा डोंगुर!"

"हाव," तो म्हणाला.

ती आणखी जवळ गेली. टाचा उंचावून पाहत राहिली. तिच्या बापाचे ओठ हलत होते. मी मनात म्हणत होतो, बोल रे, बोल आता.

"आन ही बाय कोन?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"व्हती येक मिठागरावं," तो म्हणाला.

पोरीने खात्री करायला माझ्याकडे मान वळवली. मी म्हणालो, "हो."