तात्यांचा म्हातारा फोन आणि एकशे अठ्ठावीसचं कार्ड

आमच्या दुकानात जुन्या चार्जरनी भरलेला एक ड्रॉवर आहे. कुठला चार्जर कुठल्या फोनचा ते कुणालाच माहीत नाही, पण टाकवतही नाही. किस्स्यांचंही तसंच झालंय! बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. पुढच्या काउंटरवर रफिकभाई कव्हर आणि मेमरी कार्ड विकतात, मागच्या टेबलावर मी फोन उघडून बसते. येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे बघतो, मग रफिकभाईंकडे, आणि विचारतो, "मालक कुठं गेलं?"

मालक मीच! पण सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून हल्ली मी गुपचूप स्क्रू ड्रायव्हर उचलते.

*

कन्हेरीचे तात्या पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "मालक येऊ द्या, मी बसतो." बसले. तासभर बसले. दोन चहा झाले. शेवटी रफिकभाईंना राहवेना.

"तात्या, ज्यांचा चहा पिताय, त्याच मालक हायत!"

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि नाइलाजानं फोन पुढं केला. सात-आठ वर्षांचा फोन, काचेला तडा, मेमरी फुल. आत काय, तर गाई! गोठ्यातल्या प्रत्येक गाईचा जन्मल्या दिवसापासूनचा व्हिडिओ.

मी म्हटलं, "तात्या, थोडे डिलीट करू या का?"

"घरातल्या पोरांचं फोटू पुसता का तुमी?"

संपलाच विषय. मी एकशे अठ्ठावीस जीबीचं कार्ड मागितलं. रफिकभाई म्हणाले, "वहिनी, कंपनीनं बत्तीसच लिहिलंय. त्याच्या वर ह्याला पचायचं न्हाय." कार्ड घातलं, तर फोन म्हणाला, "कार्ड खराब आहे. फॉरमॅट करायचं का?" रफिकभाईंचा चेहरा असा खुलला, की काय सांगू!

पण खराब काही नव्हतं. मोठी कार्डं नव्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली येतात, ती जुन्या फोनला वाचता येत नाहीत. मी ते कोरं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलं आणि परत फोनमध्ये घातलं. एकशे एकोणीस जीबी मोकळी! मग एकेक करून सगळ्या गाई आत नेऊन बसवल्या.

तात्या म्हणाले, "म्हातारा हाय, पर भूक बघा की गड्याची!"

जाताना मी बजावलं, "फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं. आता ह्यानं पुन्हा कधी फॉरमॅट करू का विचारलं, तर काय म्हणायचं?"

"न्हाय म्हणायचं."

"नक्की?"

"घरात सगळ्यास्नी व्हय म्हणतो. ह्याला तरी न्हाय म्हणू द्या!"

*

इंदापूरचा एक नवरदेव लग्नाच्या आठवडाभर आधी आला. हातात एक टीबीचं कार्ड, गाड्यावर घेतलेलं, चहा-नाष्ट्याच्या भावात. "आख्खं लग्न ह्याच्यात बसवायचं, वहिनी!"

मला संशय आला. दुपारभर त्यात पिक्चर भरत बसले. आठ जीबीच्या पुढं गेलं आणि भरलेले पिक्चर उघडायचेच बंद झाले. पुढं टाकावं ते कुठं जातंय पत्ताच नाही.

नवरदेवाला काही केल्या पटेना. रफिकभाईंनी पटवलं, "बोर्ड मंगल कार्यालयाचा हाय, आत खोली एकच!"

त्यानं दुसरं कार्ड नेलं. लग्नानंतर जोडीनं पेढे घेऊन आला आणि अक्षतांपासून पाठवणीपर्यंतचं आख्खं लग्न आम्हाला दुकानात बसवून दाखवलं. पेढे खाल्ले होते, उठता येईना!

*

कोऱ्हाळे बुद्रुकचे आबा तणतणत आले. ऊसवाले, आवाज दांडगा. "वहिनी, तुमी मोठं कार्ड घातलं आन् फोन झोपला! चालू केला की धा मिनिटं गाणंच सापडत न्हाय!"

मी सांगितलं, आबा, त्यात तुम्ही हजारो गाणी भरलीत, सकाळी तो सगळी हुडकत बसतो. थोडा दम धरा.

आबांनी विचार केला. "म्हंजी ट्रॅक्टरगत. थंडीत तापू द्यावा लागतोय."

आता आबा फोन चालू करतात, अंघोळ करतात, चहा पितात आणि मग गाणं लावतात. वर गावात सांगतात, "वहिनींनी फोनला डिझेल इंजिन बसवलंय!"

*

खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी तात्या पुन्हा हजर. फोनला कार्डच दिसत नव्हतं. काढून बघते तर कार्ड पिवळंधमक!

तात्यांनी विळा, कोयता, दूध काढायचं मशीन, सगळ्याची पूजा केली होती. गाई कार्डात राहतात, मग कार्डाला सोडून कसं चालेल? काढलं बाहेर आणि लावलं हळदी-कुंकू, नेमकं सोनेरी पट्ट्यांवर.

मी पट्ट्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसल्या. गाई परत आल्या. "तात्या, पूजा करा, पण वरनं करा!"

तात्यांनी ते खोडरबर मागून घेतलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं.

*

आणि मग चांदी. तात्यांची लाडकी गाय, काळी-पांढरी, सात महिन्यांची गाभण. एका सकाळी दावणीला नव्हती. चार दिवस तात्या जेवले नाहीत. पाचव्या दिवशी कुणीतरी सांगितलं, इंदापूरच्या बाजारात तशीच गाय उभी आहे. रफिकभाईंनी मोटरसायकल काढली, तात्यांना मागं बसवलं.

चांदीच होती. पण कानातला बिल्ला गायब आणि तिला चढवायला टेम्पो पाठ लावून तयार. विकणारा म्हणाला, "काळ्या-पांढऱ्या गाई सगळ्या सारख्याच. पुरावा हाय का?"

तात्यांनी फोन काढला. आणि फोननं विचारलं, "कार्ड खराब आहे. फॉरमॅट करायचं का?"

भोवती गर्दी. "व्हय दाबा, तात्या! व्हय दाबा, चालू हुईल!" विकणाराही म्हणाला, "दाबा की!"

तात्यांनी मला फोन लावला. "पोरी, ह्यो पुन्हा इचारतोय."

"काय म्हणालात?"

"न्हाय म्हणलं!"

माझ्या जिवात जीव आला. "फोन बंद करा. कार्ड काढा. खोडरबर हाय?"

"खिशातच हाय."

पुढचं रफिकभाईंनी सांगितलेलं. भर बाजारात तात्या मांडी घालून बसले आणि कार्ड पुसलं. फोन चालू झाला. पहिला व्हिडिओ लागला: ओलं वासरू, डाव्या कुशीवर काळा डाग, त्यात पांढरा ठिपका. मग सहा महिन्यांचं, मग वर्षाचं. तोच डाग, तोच ठिपका. विकणारा तरी म्हणाला, "डागाचं काय, कुणाला बी असतोय."

तेवढ्यात पुढचा व्हिडिओ लागला. त्यात तात्या गोठ्यातनं हाक मारत होते, "ये गं चांदेऽऽ!"

टेम्पोजवळची गाय हंबरली आणि दावं ओढत फोनकडं निघाली.

विकणाऱ्यानं दावं सोडलं.

दोन महिन्यांनी तात्या खरवसाचा डबा घेऊन दुकानात आले आणि बाकावर बसले. तेवढ्यात एक नवं गिऱ्हाईक आलं. माझ्याकडे बघितलं, रफिकभाईंकडे बघितलं.

"मालक कुठं गेलं?"

मी स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आत तात्या ताडकन उठले. "ह्या काय समोर! आन् पाळी माझी हाय. चांदीला कालवड झालीया, कार्डात जागा बघायची हाय!"