लांबचा कपडा

आक्का गिऱ्हाइकाला आधी माप विचारत नसत. "कुठं घालून जाशील?" हा त्यांचा पहिला प्रश्न. भिवंडीच्या बाजारात त्यांचं जुन्या कपड्यांचं दुकान होतं. मी ज्या कारखान्यात कारकून होतो, तो आणीबाणीच्या आदल्या वर्षी बंद पडला. घरात बायको आणि तान्ही मुलगी. तेव्हा आक्कांनी मला कामावर ठेवलं आणि 'हिशेबी' हे नावही ठेवलं.

त्या कामाचे तोटे आधी सांगतो. गाठोडं सोडलं की शिंका सुरू. उकळत्या सोड्यातून कपडे काढून हातांची सालं निघत. शिवाय दुकानात गोड बोलणारी गिऱ्हाइकं, कपडा जुना घेतलेला कळू नये म्हणून, रस्त्यात मान फिरवून जात. ते मला फार लागे. आक्का म्हणत, "वळख न्हाय दिली म्हंजे कपडा अंगाला बसला म्हनायचं."

फायदा एकच, आक्का. बोहारणी गावोगाव भांडी देऊन जुने कपडे घेत आणि आक्कांना विकत. कपडा कुठल्या गावचा, ते विचारून आक्का आतून रंगीत दोऱ्याचा टाका घालत. पडघ्याचा लाल, वज्रेश्वरीचा हिरवा. ज्या गावचा कपडा, त्या गावी जाणाऱ्याला तो द्यायचा नाही. "मूळ मालकानं वळखला तर घालनारा भर लोकांत उघडा पडतो," त्या म्हणत. या नियमापायी हातची विक्री जाई आणि मी आतल्या आत चरफडत असे.

एकदा कामतघरचा एक लूम कामगार आला. मुलगी बघायला जायचं होतं. आधीच्या दोन घरांनी 'मुलाला धड कपडे नाहीत' म्हणून नकार कळवला होता. तपकिरी चौकडीचा कोट त्याला बेतल्यासारखा बसला. आरशासमोरून तो हलेना.

"कुठं जानार?" आक्कांनी विचारलं.

"पडघ्याला."

आक्कांनी अस्तर उलटलं. लाल टाका.

"हा न्हाय मिळायचा."

पोराचा चेहरा पडला. मी म्हणालो, "आक्का, पडघा केवढं! नेमका त्याच घरचा कशावरून?"

"नसंलही. पन असंल तर? तुझी एक विक्री हुकंल हिशेब्या, त्याचं लगीन मोडंल."

त्याच्या मापाचा दुसरा कोट दुकानात नव्हता. म्हणजे एक होता. आत खुंटीवर, आक्कांच्या वारलेल्या यजमानांचा, करडा. तो विकायचा नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आक्कांनी तो काढला, झटकला, हातानं कॉलर सरळ केली आणि पोराच्या अंगात घातला. "जा. पोक काढून बसू नको."

आठवड्यानं तो पेढे घेऊन आला. हसू आवरत नव्हतं. "आक्का, मुलीचा काका सारखा बायकोवर चिडत होता. माझा चौकडीचा कोट बोहारणीला का दिलास म्हणून! आणि काकी म्हणते, मग हे पोहे कशात खाताय? त्याच कोटाच्या ताटल्या आहेत!"

मी आक्कांकडे बघितलं. त्या पेढा खात होत्या.

पुढं मला कल्याणला नोकरी लागली. निघताना आक्कांनी एक पांढरा सदरा हातात ठेवला. मी सवयीनं तो उलटा करून टाका शोधू लागलो. त्यांनी हातावर चापट मारली. "लांबचा हाय. मान वर करून घाल."

पहिल्या दिवशी तोच घालून गेलो. संध्याकाळी स्टेशनबाहेर आमच्या दुकानातलं एक जुनं गिऱ्हाईक समोरून आलं, मला बघून मान फिरवून निघून गेलं. त्याच्या अंगातला शर्ट छान बसला होता.