टू-स्ट्रोकवाला नईम

नईमच्या बायकोचा, शाहीनभाभींचा फोन आला तेव्हा मी अंगणात गाडी धूत होतो. "भाऊ, गेले ते," एवढंच म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दिला. मी पाइप धरून तसाच उभा. पाणी फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं, शेवटी बायकोनं येऊन नळ बंद केला. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस रडतो. मला राग आला. नईमचाच राग आला. आमचं पंधरा-सोळा वर्षांचं भांडण अर्धवट टाकून हा माणूस खुशाल निघून गेला होता, आणि आता मी कोणाशी भांडू? माती द्यायला गेलो तेव्हाही तो राग उतरला नव्हता. परवा चाळिसावा झाला. राग अजून तिथंच आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

बल्लारपुरात नईमचं चष्म्याचं दुकान होतं, वडिलांपासूनचं. मी पेपर मिलमध्ये इलेक्ट्रिकल खात्यात, मूळचा वरोऱ्याकडच्या खेड्यातला, घरी कापूस आणि सोयाबीन. चष्म्याची काडी तुटली म्हणून त्याच्या दुकानात शिरलो. त्यानं काडीकडे पाहिलंच नाही. बाहेर लावलेल्या माझ्या गाडीकडे पाहत म्हणाला, "सायलेन्सर काऊन असा खाली ठेवला बे? नाल्यात घातली तं पाणी पिईन ना थे!" मी म्हणालो, मी कशाला नाल्यात घालू? तो माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोललो. पुढच्या रविवारी मी नाल्यात होतो.

तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आमच्या दोघांकडेही शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, ती निळा धूर सोडते, आणि मूठ पिळली की अंगात आल्यासारखी उसळते. नईमनं कुठल्याशा जुन्या विलायती मासिकात डर्ट बाइकचे, म्हणजे चिखलामातीत चालवायच्या गाड्यांचे, फोटो पाहिले होते. तशी गाडी आमच्या जन्मात मिळणार नव्हती, म्हणून त्यानं घरीच केली. मडगार्ड वर उचललं, म्हणजे चिखल चाकात अडकत नाही. सायलेन्सर वळवून सीटच्या बाजूला आणला. मोठ्या गोट्यांचे, चिखलात पकड धरणारे टायर टाकले. माझीही तशीच करून दिली. आम्ही तिला डर्ट बाइक म्हणायचो, घरचे भंगार म्हणायचे.

दर रविवारी सकाळी निघायचं. कोठारी, गोंडपिपरी, वैनगंगा ओलांडली की आष्टी, आणि पुढे मुलचेऱ्याच्या बाजूचं सागवान. डांबर सोडायचं आणि बैलगाडीच्या चाकोरीनं आत घुसायचं. दिवस काही बरे नव्हते. गडचिरोलीच्या जंगलात उगाच फिरणाऱ्याकडे दोन्हीकडचे, पोलीसही आणि नक्षलवालेही, संशयानं पाहायचे. नाक्यावरचा जवान विचारायचा, "कुठी चालले? काम काय?" नईम हेल्मेट काढून अदबीनं सांगायचा, "काम नाई साहेब. शौक हाय." त्या बिचाऱ्याला हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसवता यायचं नाही. डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "दिवस बुडायच्या आत वापस या." आम्ही यायचो. एवढी शिस्त होती.

भांडण सुरू झालं ते मी फोर-स्ट्रोक घेतली तेव्हा. पेट्रोल कमी खाते, ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज शांत. मला तर जंगलात ती फार आवडली. हळू चालवा, खालच्या गियरमध्ये मुकाट ओढते. उतारावर मूठ सोडली की स्वतःच वेग आवरते. टू-स्ट्रोक उतारावर मोकाट सुटते, सगळा भार ब्रेकवर. एकदा आष्टीच्या पलीकडं मुरमाच्या उतारावर नईम माझ्या बाजूनं ओरडत खाली गेला आणि थेट पळसाच्या झुडपात. खाली जाऊन पाहतो तर हा पाठीवर पडून हसतोय. मी म्हणालो, पाहा, फोर-स्ट्रोक असती तर? झुडपातूनच म्हणाला, "फोर-स्ट्रोक असती तं मी आतापर्यंत वरच असतो बे, तुह्यासारखा रांगत."

माझ्या गाडीला तो शिलाई मशीन म्हणायचा. गाडी उभी करून विचारायचा, "किती सदरे शिवले आज?" एका पावसाळ्यात त्याला हवं ते मिळालं. मुलचेऱ्याजवळच्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीअलीकडं नाल्याचा अंदाज चुकला आणि दोन्ही गाड्या पाण्यात बसल्या. नईमनं प्लग काढला, गाडी आडवी करून पाणी ओतलं, किका मारल्या, प्लग शर्टाला पुसून लावला, आणि फटफट करत चालू! माझ्या इंजिनात पाणी शिरून आतल्या तेलाचा दुधाळ चहा झाला होता. वस्तीतल्या लोकांनी नायलॉनची दोरी दिली. आष्टीपर्यंत त्यानं मला ओढत आणलं आणि रस्ताभर मागं वळून वळून पाहत होता, माझा चेहरा पाहायला. असला दुष्ट माणूस. दोस्त होता म्हणून सहन केलं.

पुढे टू-स्ट्रोकचे सुटे भाग मिळेनासे झाले, त्याचा गुडघाही किक मारताना दुखायला लागला. भाभींनी धोशा लावला आणि शेवटी यानं बटण दाबून चालू होणारी फोर-स्ट्रोक घेतली. जुनी विकली नाहीच, दुकानाच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवली. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पहिल्या रविवारी पंपावर गेलो, तर यानं टाकी उघडून सवयीनं ऑइलची पुडी फोडून आत ओतली. पंपावरचा पोरगा ओरडला, "भाऊ, हिले ऑइल नाई लागत!" आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. आष्टीपर्यंत त्याची नवी कोरी गाडी धूर सोडत गेली आणि मी मागून खोकत आणि हसत.

पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा पुडी फोडली. आम्ही पुन्हा हसलो, थोडं कमी. त्यानंतर मी स्वतःच टाकीजवळ उभा राहायला लागलो. मग गियर. जुन्या गाडीचे सगळे गियर एका बाजूला, पायानं खाली दाबत जायचे. नवीचा पहिला खाली, बाकी वर. कोणालाही सुरुवातीला गोंधळ होतो, पण महिना दोन महिन्यांत पाय शिकतो. नईमचा पाय शिकेना. चांगल्या वेगात असताना वरचा गियर टाकायला म्हणून त्यानं खाली दाबला, मागचं चाक खरवडलं आणि हा कोपरावर घासत गेला. मी त्याला शिव्या घातल्या. तो उठून धूळ झटकत गाडीकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "ही कोणाची गाडी हाय बे?" मला वाटलं थट्टा करतोय. त्याचं तोंड पाहिलं. ते थट्टेचं नव्हतं.

मग सगळं भराभर दिसायला लागलं, किंवा आधीपासून होतं ते आम्ही पाहायला लागलो. दुकानात एकाचा चष्मा दुसऱ्याला. सागवानातल्या ज्या दुफाट्यावरून आम्ही शेकडो वेळा गेलो, तिथं थांबून त्याचं, "आपण इथी काऊन आलो?" पन्नाशी नुकती ओलांडलेला माणूस. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हळूहळू सगळं पुसत जाणार म्हणाले, आणि गाडी बंद करा म्हणाले. परतीच्या बसमध्ये नईम खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या मोटरसायकली पाहत होता. वरोरा गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "डॉक्टर काहीबी म्हणो वसंता, रविवार बंद नको करू."

आता आमच्यापुढे सवाल आला तो असा. घरातले सगळे, नईमचा भाचा, शेजारी, सांगत होते की चालवायचीच तर नवी फोर-स्ट्रोक चालवू द्या, शांत आहे, किक नाही, ताब्यात राहते. आणि मी, जन्मभर फोर-स्ट्रोकची वकिली केलेला माणूस, भाभींसमोर बसून सांगत होतो की नाही, त्याला जुनी द्या. नवीवर तो अडखळतो. जुनीवर बसला की त्याला आठवावं लागत नाही. हात, पाय, कंबर सगळं आपापलं काम करतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पडवीत जाऊन त्यानं ताडपत्री ओढली, पेट्रोलची चावी फिरवली, चोक ओढला, तिसऱ्या किकला चालू. तोच माणूस दहा मिनिटांपूर्वी मला माझ्या पोरीचं नाव विचारत होता. भाभी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पुढं राहजा. जंगलात नका नेऊ. कोठारीपर्यंत न्या आन् वापस आणा." तेवढ्यावर आम्ही दीडेक वर्ष काढलं. ते आमचे बरे दिवस होते, असं मी म्हणेन. कोणाला पटो न पटो.

एका बुधवारी दुपारी तो एकटाच निघून गेला. भाभी नमाज पढत होत्या, भाचा दुकानात. फोन आला तसा मी मिलमधून सुटी टाकून निघालो. कोठारीच्या पुढं, रस्त्यापासून बऱ्यापैकी आत, बांबूच्या कडेला सापडला. पेट्रोल संपलं म्हणून गाडी ढकलत आत गेला होता, कुठं ते त्यालाही सांगता येईना. शर्ट घामानं चिकटलेला, तळहातांना फोड. जवळच्या गावातल्या बायका त्याला पाणी पाजत होत्या. मी टाकीखाली हात घातला. पेट्रोलची चावी मेनवरच होती. रिझर्व्हचं पेट्रोल तसंच शिल्लक. नुसती बोटभर फिरवायची होती... ही चावी त्यानं हजारदा चालत्या गाडीवर, न पाहता फिरवली असेल. मी फिरवली आणि किक मारली, गाडी चालू झाली. नईमनं टाळ्या वाजवल्या! गावातल्या बायकाही हसल्या. मी गाडीच्या आडोशाला जाऊन तोंड धुतल्यासारखं केलं.

त्यानंतर काही बोलायचं उरलं नाही. नवी भाच्यानं नेली. जुनी मुलचेऱ्याकडच्या एका मासळीवाल्यानं घेतली, मीच चालवत नेऊन दिली. उतारावर मोकाट सुटली तेव्हा मी दात ओठ खात ब्रेक दाबला आणि मोठ्यानं म्हणालो, पाहा, मी म्हणत नव्हतो? ऐकायला मागं कोणी नव्हतं.

नईम रोज विचारायचा, गाडी कुठं आहे. पहिल्यांदा भाभींनी खरं सांगितलं तेव्हा तो इतका रडला की शेजारचे धावत आले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा तसाच रडला. मग आम्ही ठरवलं. गाडी गॅरेजमध्ये आहे, इंजिन खोललं, पिस्टन यायचा आहे. त्यावर तो समाधानानं मान हलवायचा. कधी विचारायचा, बोअर केला का, रिंगा कोणत्या टाकल्या? मी सांगायचो. भाभी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "मी तं रोज झूट बोलून राह्यली भाऊ. अल्लाह काय म्हणत असन मले?" मला तर दोन गोष्टींचा त्रास होता. एक म्हणजे खोटं बोलतोय. दुसरी म्हणजे ज्याच्याशी जन्मभर एकेका नटबोल्टवरून भांडलो, तो आता मी सांगेन ते सगळं मानत होता. एकदा मुद्दाम म्हणालो, फोर-स्ट्रोकच चांगली. त्यानं मान डोलावली. घरी येऊन मी जेवलो नाही.

जाण्याच्या थोडं आधी एका रविवारी गेलो. तो पडवीत खुर्चीवर बसला होता. मी नेहमीचं सुरू केलं, गाडी गॅरेजमध्ये आहे, पिस्टन नागपूरहून यायचा आहे... त्यानं मला थांबवलं. डोळे स्वच्छ होते, दुकानातल्या जुन्या नईमचे.

"विकली ना बे तुम्ही?"

मी दाराकडे पाहिलं. भाभी आत होत्या. मी मान हलवली.

"कोणाले?"

"मुलचेऱ्याकडं. मासळी नेते तिच्यावर."

"नाल्यातून घालते का?"

"रोज."

त्यानं माझं मनगट धरलं, घट्ट. "बरं केलं. पण आयक वसंता. हे मी विसरून जाईन. मंग तुले पुन्हा विचारीन. तवा हे नको सांगू. पिस्टन यायचा हाय, असंच म्हणजो. थे आयकलं का मले वाटते, चला, येत्या रविवारी जाऊ."

पुढच्या रविवारी त्याला उठून बसवत नव्हतं. मी पलंगाच्या कडेला बसलो. त्यानं माझ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "भाऊ, माही गाडी कुठी हाय?"

मी म्हणालो, "पिस्टन आला. काल बसवला. चालू झाली."

"मंग?"

"मंग काय, सकाळी निघू."