विलायती पाखराची मान

भंडाऱ्यात भांड्याच्या दुकानात मी पितळ घासाचो. दुसरं काही येतच नोहतं. चिंचेच्या कोमट पाण्यात बुडवायचं, राखेनं घासायचं, एवढीच माही विद्या.

एक दिवस आमच्या गल्लीतली काकू चिनी मातीचं पाखरू घेऊन आली. काकाजीचा बाप इंग्रज सायबाकडे खानसामा होता, जाताना सायबानं देल्लं म्हणे. निळे पंख, पिवळं पोट अन् खाली पितळेची काळी पडलेली बैठक. काकाजी कई दिवसांपासून खाटेवर, नजर सारी त्या पाखरावर.

"ते म्हणतात, हे पाखरू मले पाहून राहिलं तवर मी हावो," काकू म्हणाली. "खालचं पितळ तेवढं घासून दे, भाऊ."

मी पडलो हुशार. खालचंच काहून, पुरं चमकवून देतो म्हटलं. घमेल्यात बुडवलं अन् चहा प्याले गेलो. येऊन पाहतो तं धड एकीकडे, मुंडकं एकीकडे. कोनंतरी कवातरी चिपकवलेलं होतं, ते पाण्यानं सुटलं. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन लावून मान बसवली. थोडी वाकडी बसली.

पाखरू घरी नेऊन देल्लं तं काकाजीनं लय वेळ पाह्यलं. मंग हळूच म्हणाले, "हे मले पाहून नाही राहिलं."

"घासलं ना जी, लाजलं असन," मी म्हटलं. कोनीच हासलं नाही.

"तुह्या हातून तुटलं का?"

"नाही जी."

त्यायनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी काकू नळावर भेटली. पेज बी गिळत नाहीत म्हणाली. माह्या बोटाले सोल्युशन लागून होतं, ते तिनं पाह्यलं. रागावली नाही, त्यानंच मले जास्त भेव वाटलं.

"त्यायले वाटते, पाखरानं आपल्या मनानं मान फिरवली. तू तोडलं म्हणून एकडाव सांग, बाबू. मंग जेवतीन ते."

सांगतो म्हटलं. पानठेल्यावर मी रोज माह्याच फजित्या सांगून लोकायले हासवाचो. कवा शेणात पडलो, कवा दुसऱ्याच्या लग्नात जेवून आलो, सारं सांगाचो. हे एक तोंडातून निघेना. उद्या जातो, परवा जातो, असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी सकाळीच सायकल काढली. काय बोलाचं ते रस्ताभर घोकत गेलो. वळणावरून पाह्यलं तं काकूच्या अंगणात मानसं उभी. एकजण बांबू फोडून राहिला होता.

काकूनं मले पाह्यलं. हातानं ये म्हणाली.

मी खाली पाहून पायडल मारत समोर निघून गेलो.